दुपारी खोलीत कोण असते

कुटुंबासह सहलीला गेल्यावर हॉटेलच्या खोलीत दुपारी कोण असते, हा प्रश्न हॉटेलांची सुरक्षा-धोरणे आखणाऱ्यांना कधी पडला असेल असे मला वाटत नाही. ऑर्लँडोसारख्या गावात त्यांचा हिशेब सरळ असतो. पाहुणे सकाळी थीम पार्कला जातात, रात्री पाय ओढत परततात आणि मधल्या वेळात खोली रिकामी असते. तेवढ्यात कुणी आत डोकावून गेले तर कुणाचे काय बिघडणार? पण न्यू जर्सीहून निघालेल्या, सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या सासू-सासऱ्यांना आणि रांगत्या बाळाला बरोबर घेतलेल्या आमच्यासारख्या घरात दुपारी खोली कधीच रिकामी नसते. फ्लोरिडातल्या जुलैच्या दमट उन्हात बाळाला फिरवता येत नाही, सासऱ्यांना जेवणानंतर तासभर आडवे व्हायला लागते आणि तीनच्या सुमारास ढग फुटल्यासारखा पाऊस येतो. मोठी मुलगी आणि तिचा बाबा राइड्सच्या रांगेत उभे असतात; बाकीचे खोलीत.

अशाच एका दुपारी अडीचच्या सुमारास, तिथल्या एका मोठ्या हॉटेलात, मी बाळाला आंघोळ घालत असताना दारावर थाप पडली. मागोमाग पुरुषी आवाजात ‘सिक्युरिटी’ असे काहीतरी ऐकू आले. सासूबाई गाऊनवर होत्या. गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय दूधवाल्यासमोरही न जाणाऱ्या त्या बाईंना ओढणी मिळेना, तेव्हा त्यांनी हाताला लागलेला हॉटेलचा पांढरा टॉवेल दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि दार उघडले. माझे हात साबणाचे होते. बाळाला गुंडाळून मी बाहेर आले, तोवर कोट घातलेला, हातात टॅबलेट धरलेला एक उंच माणूस अगदी नम्रपणे खोलीच्या मधोमध उभा होता. त्याने पलंगावर झोपलेल्या सासऱ्यांकडे पाहिले, बाल्कनीचे दार पाहिले, ज्या न्हाणीघरातून मी नुकती बाहेर आले होते तिथे मान घातली. पडद्याच्या दांडीवर सासूबाईंचा परकर आणि दोन पोलकी वाळत होती. कॉफीच्या यंत्राशेजारी रुमालावर त्यांचा प्रवासातला बाळकृष्ण होता. धुराचा गजर वाजेल म्हणून उदबत्ती मात्र नुसतीच, न पेटवता लावलेली. त्याची नजर तिथे क्षणभर थांबली, मग टेबलाखाली टॉवेलने झाकलेल्या कुकरच्या आकारावरून तशीच पुढे सरकली. टॅबलेटवर बोटाने एक खूण करून, ‘हॅव अ मॅजिकल डे’ म्हणून तो निघून गेला. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

“काय शोधत होता गं तो?” सासूबाईंनी विचारले. कुकर, असे मी थट्टेने म्हणाले. पण त्यांचा प्रश्न खरा होता आणि त्याचे खरे उत्तर लास वेगासमध्ये आहे.

1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री लास वेगासमधल्या मँडले बे हॉटेलच्या 32व्या मजल्यावरून एका माणसाने समोरच्या मैदानात चाललेल्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. त्या वेळी 58 माणसे मेली. पुढे जखमींपैकी आणखी दोघांचे मृत्यू त्यात धरले गेल्यावर तो आकडा 60 झाला. हा माणूस 25 सप्टेंबरपासून त्या हॉटेलात राहत होता आणि वीसहून अधिक बॅगांमधून त्याने वीसहून अधिक बंदुका वर नेल्या होत्या. त्यांतले काही सामान वाहायला हॉटेलच्याच नोकरांनी, नेहमीच्या सौजन्याने, हात लावला होता. अमेरिकेतल्या हॉटेल व्यवसायाला त्या रात्रीने हादरवले, कारण ‘दाराच्या आत काय चालले आहे ते आम्हांला ठाऊक नव्हते’ हे त्यांचे आजवरचे हक्काचे उत्तर त्यानंतर पुरेसे राहिले नाही. पीडितांच्या दाव्यांपोटी त्या हॉटेलच्या मालक कंपनीने आणि तिच्या विमेदारांनी 80 कोटी डॉलरची तडजोड केली, जिला 2020 मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली.

परिणाम दारांच्या मुठींवर दिसू लागले. डिसेंबर 2017 मध्ये फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डने आपल्या काही हॉटेलांतल्या ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या पाट्या काढून ‘रूम ऑक्युपाइड’च्या पाट्या लावल्या. ही पाटी लावलेली असली तरी देखभाल, सुरक्षा किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी आत येण्याचा अधिकार हॉटेल राखून ठेवते आणि दिवसातून किमान एकदा कर्मचारी खोलीत येईल, असेही तिथे कळवले जाऊ लागले. 2018 च्या फेब्रुवारीत लास वेगासच्या सीझर्स कंपनीने दर 24 तासांत प्रत्येक खोली पाहण्याचा नियम केला. हिल्टननेही पाटी 24 तासांपेक्षा जास्त काळ लटकलेली राहिली तर व्यवस्थापकाला कळवण्याची पद्धत घातली. बाकीच्यांनी आपापल्या परीने तेच केले. आमच्या हॉटेलची पाटी तशीच होती. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे सारे छापलेले होते. ते वाचायला चष्मा लागतो, इंग्रजी लागते आणि पाटी उलटून पाहण्याचे कुतूहलही लागते.

मृतांची संख्या डोळ्यांपुढे असताना, परकर कुणी पाहिला म्हणून तक्रार करायला मन धजत नाही, हे मला कबूल आहे. म्हणूनच या तपासणीने काय साधते, तेवढे तरी नीट पाहिले पाहिजे. मँडले बेच्या मालक कंपनीने स्वतःच पुढे सांगितले की, त्या माणसाचा आणि हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचा त्या दिवसांत दहाहून अधिक वेळा संबंध आला होता, कर्मचारी खोलीत जाऊनही आले होते आणि कुणालाही काही वावगे वाटले नव्हते. बॅगा बंद होत्या. बंद बॅगा असणे हेच तर हॉटेलच्या खोलीचे लक्षण. आमच्याकडे आलेल्या त्या सज्जन माणसानेही एकही बॅग उघडली नाही, कपाटाला हात लावला नाही, आणि तो लावता तर मी ऐकून घेतले नसते. मग अर्ध्या मिनिटाच्या नजरेत सापडते ते काय? उघड्यावर मांडलेले शस्त्र, मारहाण झालेली बाई, बेशुद्ध पडलेला वृद्ध, सिगारेटचा धूर, लपवलेले कुत्रे, आणि अर्थात कुकर. यातल्या काही गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत. फ्लोरिडाने 2019 मध्ये कायदा करून हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना मानवी तस्करी ओळखण्याचे प्रशिक्षण बंधनकारक केले, आणि खोलीत अडकवून ठेवलेल्या एखाद्या मुलीकडे अशा नजरेमुळे कुणाचे लक्ष गेले तर तिच्यासाठी ते अर्धे मिनिट लाखमोलाचे आहे. पण बंदूकधाऱ्याला रोखण्यासाठी म्हणून जी फेरी सुरू झाली, ती मुख्यतः टॅबलेटवरच्या खुणेसाठी चालते, असे माझे मत झाले आहे. उद्या काही घडलेच तर ‘आम्ही रोज पाहत होतो’ असे म्हणायला ती खूण उपयोगी पडते.

कायद्याने या खोलीला फार विचित्र जागी बसवले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 च्या स्टोनर खटल्यात पोलिसांना स्पष्ट सांगितले की, हॉटेलच्या कारकुनाने किल्ली दिली म्हणून पाहुण्याच्या खोलीची झडती घेता येणार नाही. भाड्याच्या खोलीलाही घराइतकेच संरक्षण आहे. 2015 च्या पटेल खटल्यात, ज्यात लॉस एंजेलिसमधले आपले गुजराती मोटेलमालक वादी होते, त्याच न्यायालयाने पाहुण्यांची नोंदवही पोलिसांना मागताक्षणी दाखवण्याची सक्तीही रद्द केली. मालकाला आधी हरकत घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असे म्हटले. हे वाचून ऊर भरून येतो खरा, पण हे सारे संरक्षण सरकारविरुद्ध आहे. खोली घेणारा माणूस सफाई करणारी बाई, शिपाई आणि दुरुस्तीवाला यांना त्यांच्या कामापुरते आत येऊ देतो, हे त्याच 1964 च्या निकालात गृहीत धरलेले आहे. ज्याचे काम पाहणे एवढेच आहे असा माणूस त्या यादीत नव्हता. त्याला खाजगी कंपनीने पाटीमागच्या बारीक अक्षरांतून आत आणले, आणि खोलीचे पैसे भरले म्हणजे आपण त्या अक्षरांना होकार दिला असे धरले जाते.

मला सर्वांत जास्त खटकते ते निराळेच. हॉटेलात राहणाऱ्या बायकांना गेली कित्येक वर्षे एक सल्ला दिला जातो, आणि तो हॉटेलवालेच देतात: दारावर कुणी ‘मी हॉटेलचा कर्मचारी’ म्हणून आले तरी एकदम उघडू नका, आधी फ्रंट डेस्कला फोन करून खात्री करा. सल्ला अगदी रास्त आहे. 2008 मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉटेलात क्रीडावार्ताहर एरिन अँड्र्यूज यांच्या शेजारची खोली एका माणसाने मागून घेतली, ती त्याला मिळाली, आणि त्याने दारावरच्या काचेच्या भोकातून त्यांचे चित्रीकरण केले. 2016 मध्ये ज्यूरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि तिच्यातला जवळजवळ अर्धा वाटा हॉटेलच्या मालक आणि चालक कंपन्यांवर टाकला. आता एकीकडे हा सल्ला आणि दुसरीकडे ‘तुम्ही उघडले नाही तर आम्ही उघडू’ हा नियम. 2018 च्या ऑगस्टमध्ये सीझर्स पॅलेसमध्ये हॅकर मंडळींची डेफकॉन परिषद भरली होती, तेव्हा या खोली-तपासण्यांवरून मोठी नाराजी झाली. एकट्या राहणाऱ्या बायकांचा मुद्दा हाच होता, की बाहेरचा माणूस खरा की खोटा हे पडताळायचे कसे आणि तेवढा वेळ कोण देणार. ज्यांचे आयुष्य कुलुपे आणि ओळखपत्रे पारखण्यात जाते त्यांची ही गत, तर फोनवर इंग्रजीत ‘तुम्ही कुणाला पाठवले आहे का’ हे विचारायला बिचकणाऱ्या सांगलीच्या बाईंनी काय करावे? नियम सर्वांना सारखा असतो. त्याची झळ मात्र दुपारी खोलीत असणाऱ्यांनाच लागते, म्हणजे म्हातारी माणसे, तान्ह्या मुलांच्या आया आणि आजारी पडलेली पोरे. राइडच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला तपासणी झाली हेसुद्धा कळले नसते.

दाराच्या दुसऱ्या बाजूचीही बाजू आहे. खोल्या साफ करणाऱ्या बाया एकट्या आत जातात आणि आत कोण काय अवस्थेत असेल हे त्यांना माहीत नसते. सिअॅटलमध्ये 2016 साली मतदारांनी आणि शिकागोमध्ये 2017 साली नगरपालिकेने त्यांच्यासाठी धोक्याचे बटण सक्तीचे केले, ते उगीच नव्हे. शिवाय पूर्वी रोज चादरी बदलायला येणारी बाई हीच खरी तपासणी होती. तिला कचऱ्याच्या डब्यावरून, न वापरलेल्या पलंगावरून खोलीतला फरक कळायचा, आणि तिच्या येण्याने कुणी संकोचत नसे, कारण ती कामाला येत असे. कोविडनंतर खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ हॉटेलांनी रोजची सफाई बंद केली आणि ‘पर्यावरणासाठी’ असे तिला गोंडस नाव दिले. ओळखीची बाई गेली आणि तिच्या जागी टॅबलेटवाला माणूस आला. लास वेगासच्या कामगार संघटनेने 2023 च्या करारात रोजची सफाई पुन्हा मिळवली. मला ती बातमी वाचून कामगारांइतकाच, पाहुणी म्हणूनही आनंद झाला.

सासऱ्यांचे म्हणणे वेगळे पडले. “आपल्याकडे हे दारातच उरकतात,” ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताजमहाल पॅलेस आणि ट्रायडंट-ओबेरॉयमध्ये जे घडले त्यानंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत शिरताना गाडीखाली आरसा फिरतो, बॅग यंत्रातून जाते, माणूस चौकटीतून जातो. पाहुणा असो की लग्नाला आलेला वऱ्हाडी, सगळ्यांना तेच. एकदा ते झाले की वर खोलीत सहसा कुणी येत नाही. ऑर्लँडोच्या हॉटेलात उलट: दारात कुणी बॅगेकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि मग खोलीत माणूस पाठवला. बंद बॅगेतल्या शस्त्राची भीती असेल तर बॅग दारातच पाहिली पाहिजे, एवढे सांगायला सुरक्षातज्ज्ञ लागत नाही. पण सुट्टीच्या वातावरणाला ते चौकटीचे यंत्र शोभत नाही, आणि वातावरणाचेच तर पैसे असतात.

तरी आपल्याकडे सगळे आलबेल आहे, असे मी सासऱ्यांना म्हणू दिले नाही. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईतल्या मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, खोल्यांतून सज्ञान जोडप्यांना बाहेर काढले आणि सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल त्यांतल्या अनेकांना दंड केला. बंद दारामागची खोली सार्वजनिक ठिकाण कशी झाली, याचे उत्तर मिळाले नाही. टीका झाल्यावर पोलीस आयुक्तांना चौकशीचा आदेश द्यावा लागला. दोन वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण गणपतीपुळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या काउंटरवर त्या निकालाचे काय होते? घरातल्या प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स काढली जाते आणि ती टेबलाच्या खणात, आधीच्या शेकडो झेरॉक्सवर जाऊन पडते. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने, हॉटेलांसारख्या परवाना नसलेल्या संस्थांना आधारच्या प्रती ठेवता येत नाहीत, शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या, असे पत्रक काढले. दोन दिवसांत गैरसमज नको म्हणून ते मागेही घेतले. सासऱ्यांनी तेव्हापासून मास्क्ड आधारची प्रत पाकिटात ठेवली आहे आणि ती चालणार नाही म्हणणाऱ्या प्रत्येक मॅनेजरशी ते हौसेने वाद घालतात.

त्या दुपारनंतर मी खाली जाऊन मॅनेजर बाईंना भेटले. भांडायला नव्हे, मला फक्त वेळ हवी होती. तपासणी कधी होईल ते आधी सांगितले तर तिचा उपयोगच राहणार नाही, असे त्या म्हणाल्या, आणि वरवर पाहता ते पटण्यासारखे होते. मी म्हटले, कधी येणार ते सांगू नका. एक ते तीन येणार नाही, एवढे सांगा. दिवसाचे उरलेले 22 तास तुमचेच आहेत. आणि येण्याआधी खोलीच्या फोनवर एक रिंग द्या, म्हणजे दाराबाहेरचा माणूस तुमचाच आहे हे आतल्यांना कळेल. बंदूक लपवणाऱ्याला पाच मिनिटांत बॅगेची चेन लावता येईल हे खरे, पण ती आधीपासून लावलेलीच असते. बाईंनी थोडा विचार केला आणि आमच्या नोंदीत तसे लिहिले. आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली: दाराचे इलेक्ट्रॉनिक कुलूप, कोणत्या किल्लीने ते कधी उघडले याची नोंद ठेवते, आणि शंका आली तर पाहुणा ती तपासायला सांगू शकतो. सासऱ्यांना हे विशेष आवडले. आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यांवरही कुणीतरी पाळत ठेवते आहे, याचे त्यांना समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी अडीचऐवजी साडेचारला फोन वाजला. सासूबाईंनीच तो उचलला, “येस, कम” म्हणाल्या, ओढणी घेतली, दांडीवरचे कपडे काढून कपाटात टाकले आणि दार उघडून उभ्या राहिल्या. माणूस तोच होता. त्याने तेच पाहिले आणि तीच खूण केली. या वेळी त्याच्याकडे पाहून त्यांनी मान डोलावली, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर बुकिंगच्या आधी मी फोन करून हे विचारून घेते. काही हॉटेले ऐकतात, काही ‘पॉलिसी’ म्हणून फोन ठेवतात. पुढच्या वेळी ऑर्लँडोजवळच्या किसिमीतले एखादे भाड्याचे घर घ्यावे, असे नवऱ्याने सुचवले: स्वयंपाकघर असते, कुकर लपवावा लागत नाही, टॅबलेटवाला कुणी येत नाही. तिथे दुसरी चिंता असते, हे मी त्याला सांगितले. घरमालकांनी आत लावलेल्या कॅमेऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या, की अशी घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीला 2024 मध्ये घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घालावी लागली. बंदी असली तरी धुराच्या गजराकडे संशयाने पाहण्याचे काम आपल्याकडेच येते. वाद बराच वेळ चालला. शेवटी निकाल सासूबाईंनी दिला. हॉटेलच घ्या, त्या म्हणाल्या. तो माणूस आला तर येऊ दे, फोन करून येतो ना आता. स्वयंपाकघराचे घर घेतले तर दोन वेळचा स्वयंपाक मीच करणार आणि भांडीही मीच घासणार, त्यापेक्षा सांगली काय वाईट होती?